मायचा खरा वाढदिवस शोधायचाय (कागदावर 1 जून आहे) आणि तिच्यासाठी काय करू तेही सुचवा

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. धागा घरगुती आहे, पण इथे खान्देशातले बरेच जण आहेत म्हणून विचारते. माझ्या मायचा वाढदिवस आधारवर, शाळेच्या दाखल्यावर, बँकेत सगळीकडे 1 जून 1951 आहे, म्हणजे येत्या 1 जूनला 75 पूर्ण. दादाने अमळनेरला हॉल बघून ठेवलाय, चुलत-मावस भावंडांचा व्हॉट्सॲप ग्रुप झालाय, बॅनरची डिझाइनं फिरतायत. माय मात्र अहिराणीत एकच म्हणते, "तो मना वाढदिवस नहीच शे, मास्तरनी लिखेल शे." मग खरा कधी असं विचारलं की "कोनले माहीत" म्हणून उठून कामाला लागते.

आजी, म्हणजे मायची आई, जाऊन बरीच वर्षं झाली. ती सांगायची त्यातलं एवढंच लक्षात आहे की पेरणीचे दिवस होते आणि दिवेलागणीला ग्रहण लागलं होतं. यावरून तारीख निघते का? आणि दुसरं, हॉल-केक-बॅनर सोडून तिला आपलं वाटेल असं हातचं काय करता येईल? साडी नको, दागिना नको, फिरायला नको. मी पुण्यात बसून विचार करकरून थकले, काही सुचत नाही.

भुसावळ जंक्शन
1 जूनवाल्यांच्या मेळाव्यात स्वागत आहे ताई. माझे वडील 1 जून, काका 1 जून, दोघांत म्हणे दीड वर्षाचं अंतर पण कागदावर बरोबर दोन वर्षांचं. शाळा जूनमध्ये उघडायची, पोरगं डोक्यावरून हात नेऊन कान पकडतंय का ते मास्तर बघायचे, आणि सहा पूर्ण धरून 1 जून टाकायचे. आमच्या ऑफिसात 31 मेला निरोप समारंभांची रांग लागायची कारण महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो. हार कमी पडायचे भो.

केळीचं पान
सेम आमच्याकडे, रावेर. माझी सासू, तिच्या दोन्ही जावा, तिघी 1 जून. एकच केक आणतो.

सातपायरी
तारीख शोधायचीच असेल तर अंदाजावर जाऊ नका, कागद आहे. आजोळच्या गावाच्या तहसील कार्यालयात अभिलेख कक्ष असतो, तिथे गाव नमुना 14 मागा, लोक कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यूच्या नोंदी कोतवालाकडून व्हायच्या. 1969 चा नोंदणीचा कायदा यायच्या कितीतरी आधीच्या नोंदी त्यात सापडतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बाळाचं नाव बहुतेक वेळा नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी व्हायची, त्यामुळे आजोबांच्या नावाने शोधा आणि पुढे "मुलगी" लिहिलंय का बघा. दोन, खूप जुन्या नोंदी मोडी लिपीत असतात पण 1950 नंतरच्या तुम्हाला वाचता येतील. आजकाल जातीच्या दाखल्यांसाठी ही बुकं इतकी हाताळली गेलीत की काही पानं हातात घेतली की तुटतात, लवकर जा.

वाघूर
एक उलटं मत मांडतो, राग मानू नका. खरी तारीख सापडली तरी कागदावरची बदलायच्या भानगडीत पडू नका. पेन्शन, केवायसी, सातबाऱ्यावरचे वारस, सगळीकडे एकच तारीख लागते. आमच्याकडे एका नातेवाइकांनी आधारवर "खरी" तारीख टाकून घेतली आणि मग पुढे बँकेत जे सुरू झालं ते विचारू नका. वाढदिवस कधी करायचा ते घरचा प्रश्न आहे, कागदाला त्यात ओढू नका.

बोरीकाठ
@वाघूर छे छे, कागद बदलायचा नाहीये. फक्त तिला सांगायचंय की हा तुझा दिवस.
@सातपायरी खूप धन्यवाद, मामेभावाला पाठवते तहसीलला.

खगोलखूळ
मी चाळीसगावकडचा, भूगोलाचा मास्तर. धागा वाचून राहवलं नाही.

पेरणीच्या दिवसांत ग्रहण म्हणजे जून-जुलै धरू. 1951 च्या आसपासची आपल्याकडे दिसलेली सूर्यग्रहणं बघितली तर दोन नावं समोर येतात. एक 30 जून 1954. हे खग्रास होतं, त्याचा पट्टा अमेरिकेत सुरू होऊन युरोप, इराणवरून राजस्थानात येऊन सूर्यास्ताला संपला. खान्देशात खंडग्रास, आणि ग्रहण लागलेलाच सूर्य मावळला, पंचांगात याला ग्रस्तास्त म्हणतात. दुसरं 20 जून 1955 चं, तेही मोठं, पण ते आपल्याकडे सकाळचं. आजी दिवेलागणी म्हणत असतील तर माझं मत सरळ 1954 ला. पण ग्रहण चंद्राचंही असू शकतं, त्यामुळे अजून एखादी खूण हवी. वार? नक्षत्र? अमावस्या होती का पौर्णिमा? आजोळी कुणी म्हातारं माणूस असेल तर फोन करा, पण "तारीख काय" असं विचारू नका. त्या दिवशी घरात कोण होतं, कोण नव्हतं, शेतात काय चाललं होतं असं विचारा. माणसं तारीख विसरतात, कोण कुठे होतं ते विसरत नाहीत.

माजघर
वा मास्तर! हे भारी आहे.

माझ्या आजीचं असंच, ती म्हणायची मी "पोळाना दुसरा दिन" ची. एवढंच. वर्ष माहीत नाही. आम्ही मग तारखेच्या मागे लागलोच नाही, दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला ओवाळायचो. बैलांसाठी केलेल्या पुरणपोळ्या उरलेल्या असायच्याच. ती म्हणायची बैलांच्या पंगतीत माझं जेवण उरकता का रे. पण खूश असायची.

भुसावळ जंक्शन
@माजघर उरलेल्या पोळ्यांवर वाढदिवस, हे आमच्या बायकोला दाखवू नका कुणी.

रोटाचं पीठ
बोरीकाठताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी शिरपूरची. माझ्या आईला कानबाईची, भुलाबाईची गाणी ढीगभर येतात पण "म्हण" म्हटलं की एक येत नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही बिबडे (ज्वारीचे पापड) करत होतो, ज्वारीचं शिजवलेलं गरम पीठ, हात भाजत होते, आणि ती आपोआप सुरू झाली. मी फोन ओट्यावर उलटा ठेवून रेकॉर्ड लावला. मधेमधे "तीळ टाक गं", "ऊन सरकलं" असं सगळं आलंय त्यात. मला तेच आवडतं. नंतर मी ते वहीत उतरवून घेतलं आणि उतरवता उतरवता मला स्वतःला दोन ओळी सुचल्या. शाळेनंतर मी काहीच लिहिलं नव्हतं. आता लिहिते, थोडंफार, पीठ चाळताना, बसमध्ये.

मायला समोर बसवून मुलाखत घेऊ नका, तिच्याबरोबर कामाला बसा.

असोदा रोड
+1. आमच्या असोद्याच्या बहिणाबाईच घ्या. जन्म 1880 चा, नागपंचमीचा सांगतात, म्हणजे त्यांचाही दिवस सणावरूनच लक्षात राहिला. लिहिता-वाचता येत नव्हतं, घरोट्यावर म्हणजे जात्यावर, शेतात म्हणत राहिल्या. मुलाने, सोपानदेवांनी, आणि त्याच्या मावसभावाने टिपून ठेवलं म्हणून आपल्याला मिळालं, पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर, 1952 मध्ये. घरातलं माणूस म्हणत असताना कुणीतरी वही घेऊन बसलं एवढीच गोष्ट आहे ती. कायले हॉल करता, वही घ्या.

वाघूर
सगळ्यांच्या आया बहिणाबाई नसतात हो. काहींना साधा केक कापायलाही आवडतं. माझ्या आईला 70 व्या वर्षी पहिल्यांदा केक कापायला लावला, सुरी धरून रडली. हॉलला एवढी नावं ठेवू नका, चार नातेवाईक त्यानिमित्ताने भेटतात.

रोटाचं पीठ
@वाघूर मान्य. पण बोरीकाठच्या मायने स्वतः सांगितलंय ना तो माझा दिवस नाही म्हणून. ज्याचा वाढदिवस त्याचं ऐकायला नको?

केळीचं पान
आणि 1 जूनला अमळनेरात हॉल! उकाड्याने जीव जातो तेव्हा, पंखे नुसते गरम वारा टाकतात. शेतावरचं कुणी येणार नाही, सगळे कपाशी लावण्याच्या मागे.

लेकीचा बाप
जरा विषयांतर. आमच्याकडे मुलीचा वाढदिवस म्हणजे थीम, फुगे, रिटर्न गिफ्ट, मला दडपण यायचं. मग एका वर्षी असं केलं की घरातल्या प्रत्येकाने तिच्याबद्दल एकेक ओळ लिहायची, गेल्या वर्षभरातली, खरी. आजोबांनी लिहिलं, "हिने मला मोबाईलवर फोटो मोठा करायला शिकवला." माझ्या भावाने लिहिलं, "ही माझ्या ताटातलं भरीत चोरते." त्या चिठ्ठ्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात. आता ती सात वर्षांची आहे आणि तीच सगळ्यांच्या वाढदिवसाला कागद फाडून वाटते. परवा शेजारच्या काकांना पण दिला. त्यांनी आत जाऊन दार लावून लिहिलं, आणि बराच वेळ लिहिलं.

माजघर
दार लावून 😊 किती छान.

सातपायरी
आम्ही चिठ्ठ्या केल्या तर सगळे जण "उधारी परत कर" लिहितील.

खगोलखूळ
विषयांतर चाललंच आहे तर माझंही घ्या, आमच्या भागाचं आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला तेराव्या शतकातला शिलालेख सापडला, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा. तर या भास्कराचार्यांनी स्वतःचं जन्मवर्ष श्लोकात बांधून ठेवलंय. रस म्हणजे 6, गुण 3, पूर्ण म्हणजे 0, मही म्हणजे 1. उलट्या क्रमाने वाचा, शके 1036, म्हणजे इसवी सन 1114. त्याच श्लोकात सांगतात की वयाच्या 36 व्या वर्षी ग्रंथ लिहिला. ना दाखला, ना आधार, एका श्लोकावर नऊशे वर्षं तारीख टिकली.

मी हे दरवर्षी नववीच्या मुलांना सांगतो आणि मग त्यांना आपापल्या जन्माचं असं दोन ओळींचं कोडं करायला लावतो. एक पोरगा लिहून आला, "बापाच्या हातात नवा ट्रॅक्टर, आईच्या हातात मी." वर्ष बरोबर निघालं, ट्रॅक्टरच्या कागदावरून. बोरीकाठताई, तुमच्या मायच्या जन्माच्या खुणा सापडल्या की त्याच ओवीत बांधा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नातच आहे असं मला वाटतं.

बोरीकाठ
मंडळी, अपडेट आहे.

मास्तर म्हणाले तसं मोठ्या मामांना फोन केला. ते मायपेक्षा बरेच मोठे आहेत, ऐकू कमी येतं पण आठवण पक्की. तारीख विचारलीच नाही. घरात कोण होतं विचारलं तर लगेच म्हणाले, "बाप नव्हता. बाजारला गेलता." आमच्या आजोळचा बाजार तेव्हाही बुधवारचा आणि आजही बुधवारचाच. आजोबा ग्रहण सुटायची वाट बघत बाजारातच थांबले, रात्री गूळ घेऊन घरी आले तेव्हा मुलगी झाल्याचं कळलं. मृग निघून गेला होता, आर्द्राचा पाऊस नुकता झालेला, बैलगाडी नाल्यात रुतली होती म्हणे.

खगोलखूळ
ताई!! 30 जून 1954 चा वार बुधवार. आर्द्रा 22 जूनच्या सुमारास लागते, म्हणजे तेही बसतं. 20 जून 1955 ला सोमवार होता, म्हणजे सोमवती अमावस्या झाली असती, ती आजीने सांगितल्याशिवाय राहिलीच नसती, आणि तेव्हा मृग चालू होता. माझ्याकडून पक्कं. 30 जून 1954, बुधवार, ज्येष्ठ अमावस्या, संध्याकाळ.

भुसावळ जंक्शन
अंगावर काटा. मास्तर तुमचे पाय कुठे आहेत.

केळीचं पान
म्हणजे 75 नाहीच, यंदा 72 पूर्ण होणार! बॅनरवाल्याला आधी फोन करा.

वाघूर
एक शंका, जरा नाजूक आहे. अमावस्या, त्यात ग्रहण, त्यात मुलगी. जुन्या लोकांनी हे मुद्दाम झाकलं असेल, लग्न जमवताना अडचण नको म्हणून. मायला विचारताना जपून विचारा. तिला माहीत असेलही.

असोदा रोड
@वाघूर बरोबर बोलले. माझ्या आत्याचं मूळ नक्षत्र होतं तर पत्रिकाच "हरवली" होती. ग्रहणात सावली पडते, बाळावर काही पडत नाही, पण तेव्हाच्या बायांनी किती ऐकून घेतलं असेल.

पंचांगवाली
तिथीने करायचा असेल तर सांगते. यंदा ज्येष्ठ अधिक आहे, 17 मे ते 15 जून, त्यामुळे निज ज्येष्ठ अमावस्या थेट 14 जुलैला जाते. 30 जून यंदा पौर्णिमेलगत आहे. तिथी आणि तारीख साधारण दर 19 वर्षांनी जुळतात, 1954 नंतर 76 वर्षांनी, म्हणजे 2030 मध्ये 30 जून-1 जुलैला पुन्हा ज्येष्ठ अमावस्याच असेल. अमावस्येला ओवाळायला घरचे तयार नसतील तर यंदा तारखेने करा, काही बिघडत नाही.

आणि 1 जूनचा हॉल फुकट जाणार नाही. तो धोंड्याचा महिना आहे. जावयांना बोलवा, अनारसे करा.

भुसावळ जंक्शन
सर्व जावयांतर्फे पंचांगवालीताईंच्या सूचनेला जाहीर पाठिंबा.

बोरीकाठ
शनिवार-रविवार अमळनेरला जाऊन आले. मोठं लिहिते, माफ करा.

@रोटाचं पीठ तुमचं ऐकलं. कुरडयांचा चीक घोटायला बसलो दोघी. मी काहीच विचारलं नाही, नुसतं म्हटलं की मामा म्हणाले गाडी नाल्यात रुतली होती. माय थांबली. मग म्हणाली, "माले माहीत व्हतं." ग्रहण, अमावस्या, सगळं. लग्नाच्या वेळी आजीने शपथ घातली होती की सासरी बोलायचं नाही. बाबा गेले त्यांनाही तिने सांगितलं नव्हतं. @वाघूर, तुम्ही सावध केलंत ते बरं झालं, नाहीतर मी फोनवरच "सापडला, सापडला" म्हणून ओरडले असते.

मी तिला मास्तरांचा तो श्लोक सांगितला, की एवढा मोठा माणूस, त्याने आपला जन्म स्वतःच बांधून ठेवला. ती काही बोलली नाही. चीक झाला, सोऱ्या भरला, तिसरी की चौथी कुरडई घालताना एकदम म्हणाली:

गिऱ्हान लागनं वं बाई, दिवा पेटना घरमा
मना जलमनी येयले, बाप बुधना बाजारमा

मी हातातलं टाकून फोन शोधत होते तोवर पुढचीही आली:

गूय लई उना बाप, रात व्हयनी नालामा
गूय ठेवा शिकामा, वाटा नही कोनी गल्लीमा

(गूय म्हणजे गूळ.) मग गप्प झाली. मी विचारलं, खरंच नाही वाटला? तर म्हणे नाही, आजीने शिंक्यात ठेवून दिला, मामा रोज थोडा थोडा चोरून खायचा.

दादाला सांगितलं. आधी तो चिडला, पाहुण्यांना काय सांगू, बॅनर छापायला गेलंय. मायच म्हणाली, "सांग, मी तीन वरीस लहान शे," आणि हसली. 1 जूनला जावयांचं जेवण, बॅनर रद्द. 30 जूनला आजोळी जायचं ठरलंय. तिथे त्या गल्लीत घरोघर गूळ वाटायचा, मायच्या हाताने. मामा आहेत, त्यांच्या समोर.

माजघर
काय लिहू कळत नाहीये. दोन्ही ओव्या वहीत काढून ठेवल्या.

खगोलखूळ
ग्रहण, वार, संध्याकाळ, आर्द्राचा पाऊस, चार ओळीत सगळं आलंय. परवानगी असेल तर जूनमध्ये वर्गात ही ओवी देतो आणि मुलांना तारीख काढायला लावतो. मायचं नाव सांगणार नाही.

बोरीकाठ
@खगोलखूळ तिला विचारलं. म्हणाली नाव सांगा.

लेकीचा बाप
लेकीला वाचून दाखवलं. तिचा प्रश्न: मामाआजोबांना गूळ परत द्यावा लागेल का?

रोटाचं पीठ
ताई, नुसता गूळ देऊ नका, पावसाळ्यात पाघळतो. गूळ-खोबरं किसून, थोडी भाजलेली खसखस घालून कागदाच्या पुड्या बांधा. आणि गल्लीत किती उंबरे आहेत ते आधी मामेभावाकडून मोजून घ्या, एक घर राहिलं तर वर्षभर ऐकावं लागतं.

सातपायरी
कोतवाल बुकात मिळालं का काही?

बोरीकाठ
@सातपायरी मामेभाऊ जाऊन आला. त्या वर्षाचं बुक आहे पण जूनची पानं भिजून चिकटलेली, सुटत नाहीत. जबरदस्ती करू नकोस म्हटलं.
@रोटाचं पीठ पुड्या ठरल्या. गल्लीत आता बरीच नवी घरं झालीत, माय म्हणते सगळ्यांना द्यायच्या, नव्यांना पण.
एक मदत हवी: 30 जूनला आजोळी खापरावरच्या पुरणपोळ्या करून देणारी कुणी ताई अमळनेर-चोपडा भागात माहीत असेल तर मेसेज करा. चूल आणि ओसरी आहे, पाऊस आला तरी अडचण नाही. खापर मात्र आणावं लागेल, आजीचं फुटलंय.

केळीचं पान
माझ्या चुलत नणंदेकडे दोन आहेत, चोपड्याला. नंबर व्यनि (खाजगी मेसेज) करते.